ग्रीक 'निंफ'ला मराठीत काय म्हणावं? जलपरी, अप्सरा की आसरा?

शनिवारची_गोष्ट
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत मी दर शनिवारी संध्याकाळी मुलांना गोष्टी सांगते. ९ ते १२ वयाची पंधरा एक पोरं असतात. पंचतंत्र झालं, इसाप झाला, महाभारतातले तुकडे झाले, आता दोन महिने ग्रीक पुराणकथा चालल्यात. झ्यूस, हेरा, हेराक्लीज ही मंडळी नावानेच येतात त्यामुळे तिथे काही अडत नाही, गाडी अडते ती निंफांपाशी, म्हणजे झरे-नद्या-समुद्रातल्या त्या देवतांपाशी. मराठीत सरसकट 'जलपरी' म्हणतात. मागच्या शनिवारी मी पण तेच म्हणाले आणि नंतर चित्र काढायला सांगितलं, तर पंधराच्या पंधरा पोरांनी माशाची शेपटी काढली! आणि ग्रीक निंफांना शेपटी नसते हो. शेपटी असते ट्रायटन नावाच्या समुद्रदेवाला. या बिचाऱ्या दोन पायांच्या, आपल्यासारख्या दिसणाऱ्या मुली.

मला जेवढं माहिती आहे ते असं. गोड्या पाण्याच्या त्या नायड, म्हणजे झरा, विहीर, नदी, तळं, दलदल, जिथे पाणी तिथे त्या. समुद्रातल्या नेरेइड, नेरिअस नावाच्या म्हाताऱ्या समुद्रदेवाच्या ५० मुली, अकिलीजची आई थेटिस त्यातलीच. आणि ओशनस (महासागर) आणि त्याची बायको टेथिस यांच्या ३,००० मुली त्या ओशनिड. नद्या म्हणजे त्यांचे ३,००० भाऊ, आणि त्या भावांबद्दल हेसिअड हा जुना ग्रीक कवी काय म्हणतो तर सगळ्यांची नावं माणसाला सांगता यायची नाहीत, जो ज्या नदीकाठी राहतो त्याला तिचं नाव ठाऊक. ही ओळ मला फार फार आवडते.

तर प्रश्न: यांना मराठीत काय म्हणू? येत्या शनिवारी अरेथुसाची गोष्ट सांगायची आहे, त्याच्या आत ठरवायचंय.

कट्टेकरी
अप्सरा. प्रश्न मिटला.

निवृत्त_मास्तर
कट्टेकरी, इतक्या लवकर मिटत नाही. व्युत्पत्ती बघितली तर तुमचं बरोबर आहे, अप् म्हणजे पाणी, त्यातून सरणारी ती अप्सरा. ऋग्वेदातली उर्वशी पाण्याशी जोडलेलीच आहे. पण पुढे पुराणांत अप्सरा इंद्राच्या दरबारात गेल्या, नाचायला लागल्या, ऋषींची तपश्चर्या मोडायला त्यांना खाली पाठवू लागले. आज कुठल्याही मुलाला अप्सरा म्हटलं की दागिने घातलेली नर्तकीच दिसणार. ग्रीक नायड दरबारी नाही. ती तिच्या झऱ्याची. झरा हेच तिचं घर आणि झरा हाच तिचा देह, तो सोडून ती सहसा कुठे जात नाही. त्यामुळे शब्द जवळचा असला तरी चित्र चुकेल.

वेशीवरची
आसरा म्हणा की! माझं माहेर भीमेच्या काठी. आमच्या विहिरीच्या कडेला सात दगड होते, शेंदूर लावलेले. साती आसरा. आजी त्यांना हिरव्या बांगड्या, खण आणि दहीभात ठेवायची आणि आम्हाला सांगायची की भर दुपारी विहिरीवर जायचं नाही, आसरा न्हायला येतात. आसरा हा शब्द अप्सरावरूनच आला म्हणतात. मास्तर म्हणतात तशी ती दरबारात गेलेली नाही, पाण्यापाशीच राहिली. मला तर शनिवारताईंचं पहिलं पोस्ट वाचताना आमची विहीरच दिसायला लागली.

शनिवारची_गोष्ट
वेशीवरची, काटा आला वाचताना. पण एक शंका आहे, आमच्याकडे दोन मुलं गावाकडून आलेली आहेत आणि त्यांना आसरा म्हणजे भुताटकीच वाटते. 'लागीर होतं' वगैरे. मी आसरा म्हटलं तर ती रात्री झोपायची नाहीत.

मधलं_स्टेशन
वाचनखूण साठवली. पुढचे प्रतिसाद वाचतेय.

दूरदेशी_वऱ्हाडी
अरेथुसा म्हणालात म्हणून लिहितो. मी मिलानला असतो, मूळचा अमरावतीचा. तीन वर्षांपूर्वी बायको-मुलीसोबत सिसिलीला गेलो होतो, तिथे सिराक्यूज गावाला लागून ऑर्टिजिया नावाचं चिमुकलं बेट आहे, पुलाने जोडलेलं. त्याच्या काठावर, समुद्र अगदी हाताच्या अंतरावर, आणि मध्ये फक्त भिंत, तिथे एक गोल कुंड आहे. त्यात पपायरसची झुडपं दाट वाढलेली, बदकं फिरतात. तोच अरेथुसाचा झरा. खाऱ्या समुद्राला खेटून गोडं पाणी उसळतंय, हे बघितलं की गोष्ट कुठून आली ते सांगायला कोणी लागत नाही.

गोष्ट थोडक्यात: अरेथुसा ही ग्रीसमधली, शिकारीची देवी आर्टेमिस, तिच्या सोबतची शिकारी मुलगी. दमून एका नदीत अंघोळीला उतरली, ती नदी म्हणजे अल्फिअस, आणि तो नदीदेव तिच्या मागे लागला. ती पळत सुटली, पळून पळून पाय गेले तेव्हा तिने आर्टेमिसला हाक मारली, देवीने तिच्याभोवती ढग गुंडाळला. बाहेर अल्फिअस उभा. भीतीने तिला घाम फुटला, आणि तो घाम वाढत वाढत तिचंच पाणी झालं. मग अल्फिअसनेही माणसाचं रूप टाकलं, पुन्हा नदी झाला, तिच्यात मिसळायला. तेव्हा आर्टेमिसने जमीन फाडली आणि अरेथुसा त्या भेगेतून खाली गेली, ती थेट ऑर्टिजियाला वर आली. ग्रीसपासून सिसिलीपर्यंत! लोक म्हणायचे अल्फिअसही समुद्राखालून तिच्या मागे आला. ऑलिंपियाला नदीत टाकलेला पेला ऑर्टिजियाच्या झऱ्यात सापडला, तिथे बैल बळी दिले की इथलं पाणी गढूळ होतं, असं लोक सांगायचे. स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने हे सगळं लिहून ठेवलंय आणि लगेच खोडूनही काढलंय, की बाबांनो अल्फिअस तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत समुद्राला मिळते.

भूजल
खोडलं खरं पण लोक उगाच म्हणत नव्हते. माझं काम भूगर्भातल्या पाण्याचं आहे म्हणून हा प्रतिसाद जरा लांबेल.

ग्रीसचा मोठा भाग चुनखडीचा आहे. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते, आत भुयारं आणि पोकळ्या तयार होतात. त्यामुळे तिथे अख्खी नदी एका भोकात शिरते आणि कितीतरी मैल लांब दुसऱ्या डोंगराच्या पायथ्याशी उसळून वर येते. त्या भोकांना ग्रीक लोक 'कातावोथ्रा' म्हणतात. पॉसेनिअस या ग्रीक प्रवाशाने इ.स.च्या दुसऱ्या शतकात लिहिलंय की अल्फिअस खुद्द आर्केडियात वाटेत जमिनीत गुडूप होते आणि परत वर येते. स्टिम्फालस तळ्याचं पाणी भोकात जातं आणि तिकडे आर्गोसकडे एरासिनोस नदी म्हणून निघतं, हे ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या काळीही लोकांना माहीत होतं. मग जी नदी डोंगराखालून जाते ती समुद्राखालून का नाही जाणार? त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलंच थोडं पुढे नेलं.

आपल्याकडे बेसाल्ट. काळा दगड, त्यात पाणी फटीफटीतून झिरपतं, अशी नदीच्या नदी गडप होत नाही. म्हणून आपली पाण्याची देवी विहिरीवर आणि डोहावर बसते. आणि त्यांची? ती झऱ्यावर आणि गुहेत. दगड बदलला की पाण्याची गोष्ट बदलते असं माझं ठाम मत आहे.

कट्टेकरी
भूजल, जबरदस्त. मी माझा अप्सराचा हट्ट मागे घेतो, फक्त तुम्ही असंच लिहीत राहा.

नाणी_आणि_बरंच_काही
अरेथुसाचं नाव निघालं आणि नाण्यांचा विषय नाही निघाला तर मला झोप येणार नाही. सिराक्यूजची चांदीची डेकाड्रॅक्म (दहा ड्रॅक्मांचं नाणं), सुमारे ४३ ग्रॅम वजनाची, इ.स.पू. ४०० च्या आसपासची. एका बाजूला चार घोड्यांचा रथ, दुसऱ्या बाजूला एका मुलीचा चेहरा आणि तिच्याभोवती फिरणारे डॉल्फिन. डॉल्फिन म्हणजे समुद्र आणि मधला चेहरा म्हणजे त्या समुद्रातला गोड्या पाण्याचा झरा, असा त्याचा अर्थ लावतात. कायमॉन आणि युएनेटस या कारागिरांनी साच्यावर स्वतःची सही केली आहे! याच कायमॉनने एका टेट्राड्रॅक्मवर (चार ड्रॅक्मांच्या नाण्यावर) समोरून बघणारा चेहरा कोरला, केस पाण्यासारखे उडताहेत आणि वर चक्क तिचं नाव लिहिलंय. समोरून चेहरा कोरणं महाकठीण, नाक पहिलं झिजतं. एवढं मोठं शहर, अथेन्सच्या आरमाराला हरवणारं, आणि नाण्यावर राजा नाही, सेनापती नाही, झऱ्याची पोर. मी खरं नाणं फक्त काचेमागे पाहिलंय पण त्या दिवशी दुसरं काही बघावंसं वाटलं नाही.

सई_लिहिते
सगळं छान आहे पण मला एक खुपतंय ते बोलून टाकते. अरेथुसा पळते. डॅफ्नी, पेनिअस नदीची मुलगी, अपोलोपासून पळते आणि झाड होते. सिरिंक्स पॅन या रानदेवापासून पळून लॅडन नदीशी येते आणि बोरूचं बेट होते, मग तो तिचीच बासरी करून वाजवतो. नार्सिससची आई लिरिओपी, तिला केफिसस नदीने आपल्या वळणात पकडलं. प्रत्येक गोष्टीत एक मुलगी, एक मागे लागणारा, आणि शेवटी तिला माणूस असणंच सोडावं लागतं. शनिवारताई, तुम्ही दहा वर्षांच्या मुलींना हे सांगणार आहात. 'देवाला ती आवडली' असं गोड करून सांगू नका एवढी विनंती. तिला नको होतं हे स्पष्ट सांगा.

शनिवारची_गोष्ट
सई, अगदी मान्य. मी 'तिने नाही म्हटलं आणि त्याने ऐकलं नाही' असंच सांगणार आहे. मुलांना ते नीट कळतं.

निवृत्त_मास्तर
सईताईंच्या मुद्द्यात थोडी भर. आपल्यापर्यंत या गोष्टी पोचल्या त्या बऱ्याचशा ओव्हिडमार्फत, आणि तो रोमन, लॅटिनमध्ये लिहिणारा, इ.स.च्या अगदी सुरुवातीचा. त्याला पाठलाग आणि रूपांतर यात रस. स्थानिक लोक आपल्या झऱ्याबद्दल काय सांगायचे हे वेगळं असू शकतं, आणि याचा पक्का पुरावा एका ठिकाणी मिळाला आहे. ओव्हिडच्या गोष्टीत सॅल्मेसिस ही उलटी निंफ, तीच हर्मॅफ्रोडायटस नावाच्या मुलाच्या मागे लागते, पाण्यात त्याला मिठी मारते आणि दोघांचा एकच देह होतो. तो झरा हॅलिकार्नासस म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या बोद्रुमचा, आणि त्याच्या पाण्याने पुरुष बायकी होतात अशी बदनामी होती. १९९५ साली बोद्रुमला समुद्रकाठच्या जुन्या भिंतीत कोरलेली एक कविता सापडली, इ.स.पू. दुसऱ्या शतकातली, गावाच्या अभिमानाची. तिच्यात सॅल्मेसिस कोण आहे? त्या बाळाला प्रेमाने वाढवणारी दाई. आणि तो मुलगा मोठा होऊन लग्नाची रीत घालून देतो! गावाने आपल्या झऱ्याची अब्रू दगडात कोरून ठेवली होती.

विट्रुव्हिअस हा रोमन स्थापत्यकारही म्हणतो की पाण्यात दोष काही नाही, उलट पाणी गोड होतं म्हणून तिथे एकाने दुकान टाकलं, डोंगरातले आडदांड लोक तिथे येऊन जाऊन ग्रीकांच्या सहवासात सौम्य झाले, एवढंच.

सई_लिहिते
मास्तर!! हे माहीतच नव्हतं. म्हणजे तिची दुसरी गोष्ट होती आणि ती दोन हजार वर्षं भिंतीत होती.

पाटीपेन्सिल
सोसायटीतल्या मुलांना दाखवायला चित्र हवं असेल तर वॉटरहाउसचं 'हायलस अँड द निंफ्स' बघा, १८९६ चं, मँचेस्टरच्या कलादालनात आहे. कमळांच्या तळ्यात सात मुली आणि काठावर वाकलेला हायलस. शेपटी कुणालाच नाही, शनिवारताईंचा मुद्दा सिद्ध. २०१८ मध्ये दालनाने ते चित्र आठवडाभर भिंतीवरून काढून ठेवलं होतं, बायकांना असं दाखवण्यावर चर्चा व्हावी म्हणून, त्यावर केवढा गदारोळ झाला. मुली उघड्या आहेत त्यामुळे मुलांना दाखवताना फक्त चेहरे दिसतील एवढाच भाग दाखवा.

गोदाकाठ
हायलस कोण?

पाटीपेन्सिल
हेराक्लीजचा लाडका सोबती (मुलगा नव्हे), त्याच्यासोबत आर्गो जहाजावर होता. मायसिया नावाच्या मुलुखात जहाज थांबलं तेव्हा तो घडा घेऊन पाणी आणायला गेला. झऱ्यातल्या निंफांनी त्याला बघितलं, हात धरला आणि आत ओढलं. हेराक्लीज रानभर हाका मारत फिरला, जहाज त्याला सोडून निघून गेलं. स्ट्रॅबो सांगतो की त्या भागातले लोक त्याच्या काळातही एक सण करायचे, डोंगरात मिरवत जायचे आणि हायलसच्या नावाने हाका मारायचे, त्याला शोधायला निघाल्यासारखे.

वेशीवरची
हे वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला होता, आता परत आलेय.

मी वर विहिरीबद्दल लिहिलं ते अर्धंच लिहिलं. माझा चुलतभाऊ त्याच विहिरीत गेला. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि मी नऊ. कळशी घेऊनच गेला होता. गावात कुणी म्हणालं पाय घसरला, कुणी काय. आजी एवढंच म्हणाली, आसरांना आवडला, त्यांनी नेला. पुढची कित्येक वर्षं मला तिचा राग होता, की नातवाला नेणाऱ्या बायकांना ही परत दहीभात ठेवते. आता माझी मुलं मोठी झाली तेव्हा थोडं समजतं. तिला तो एकटा पडलाय असं मनात आणायचं नव्हतं. कुणीतरी सात जणी त्याच्याजवळ आहेत असं तिने ठरवलं. त्या सणात हाका मारत जाणारे लोक, मला माहिती आहेत ते. माझी काकू पावसाळ्यात विहीर भरली की काठावर उभी राहायची. हाक नाही मारायची. नुसती उभी.

अथेन्सची_दोन_वर्षं
वेशीवरची, तुमच्या आजीसारखंच कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये होतं. तूना एल-गेबेल इथे इसिडोरा नावाच्या मुलीची कबर आहे, इ.स.च्या दुसऱ्या शतकातली, भिंतीवर ग्रीक कविता. त्यात म्हटलंय की ही खोली निंफांनी, नाईल नदीच्या मुलींनी, तुझ्यासाठी बांधली. हायलसचं नावही आहे त्यात. ती बुडून गेली असं मानतात. ग्रीक आणि रोमन जगात लहान वयात गेलेल्यांच्या दगडांवर हे अधूनमधून दिसतं, मृत्यूने नाही, निंफांनी नेलं. यावर अजून काय बोलणार.

गोदाकाठ
वेशीवरची, 🙏

तारांगण
थोडं अवांतर करतो, पण पाण्याशीच आहे. कॅसिओपिया राणीने बढाई मारली की मी नेरेइडांपेक्षा सुंदर, त्या रुसल्या, पॉसायडनने पूर आणि राक्षसी जलचर पाठवला, मग मुलगी अँड्रोमेडा खडकाला बांधली आणि पर्सिअसने तिला सोडवलं. आता हे तारकासमूह मराठीत काय आहेत? कॅसिओपिया म्हणजे शर्मिष्ठा, अँड्रोमेडा म्हणजे देवयानी, पर्सिअस म्हणजे ययाती आणि सेफिअस राजा म्हणजे वृषपर्वा. शर्मिष्ठेने देवयानीला कशात ढकललं होतं? विहिरीत! आणि बाहेर कुणी काढलं? ययातीने. ज्यांनी ही मराठी नावं जुळवली त्यांनी नुसते तारे नाही जुळवले, पाण्यापाशी संकटात सापडलेली मुलगी आणि तिला सोडवणारा पुरुष हे पण जुळवलं. दिवाळीच्या सुमारास रात्री गच्चीवर जा, चौघंही दिसतात.

आणि नेपच्यूनचे चंद्र बघा: नायड, गॅलेटिया, नेरेइड. नेरेइड १९४९ मध्ये सापडला, बाकीचे दोन १९८९ मध्ये व्हॉयेजर २ ने दाखवले.

बागेतली_माती
अवांतरात अवांतर, कमळासारखं जे कुमुद त्याचं शास्त्रीय नाव निंफिया. आणि चतुर पाण्यात असताना जी त्याची बाल्यावस्था असते तिलाही कीटकवाले नायड म्हणतात. पुदिन्याचा पण संबंध आहे! मिंथी नावाची नायड, पाताळातल्या कोकिटस नदीची, पाताळाचा राजा हेडीज याची आवडती होती म्हणून त्याच्या राणीने, पर्सेफनीने, तिला तुडवलं आणि तिचं मिंट झालं. म्हणून चुरडल्यावर जास्त वास येतो.

कट्टेकरी
आज चटणीकडे वेगळ्या नजरेने बघितलं. निंफ अमर असतात का हो? अमर असतील तर मिंथी मेली कशी?

निवृत्त_मास्तर
अमर नाहीत, दीर्घायुषी. प्लूटार्क या ग्रीक लेखकाने हेसिअडच्या नावावरचा एक हिशोब दिलाय: कावळा माणसाच्या ९ पिढ्या जगतो, हरीण ४ कावळ्यांइतकं, डोमकावळा ३ हरणांइतका, फिनिक्स ९ डोमकावळ्यांइतका आणि निंफ १० फिनिक्सांइतकी.

तारांगण
९ × ४ × ३ × ९ × १० = ९,७२० पिढ्या.

कट्टेकरी
एवढ्या वर्षांचे वाढदिवस म्हणजे केकवाल्याच्या सात पिढ्या बसून खातील.

निवृत्त_मास्तर
प्लूटार्कच्या संवादात पिढी म्हणजे एकच वर्ष धरावं असंही एकजण म्हणतो, मग ९,७२० वर्षं. पण मुद्दा असा की झरा आटला की ती गेली. त्यांना हे माहीत होतं.

गोदाकाठ
थेटिसची गोष्ट वाचताना मला नेहमी गंगा आणि शंतनू आठवतात. थेटिस रात्री बाळ अकिलीजला विस्तवात धरायची, त्याच्यातला मर्त्य भाग जाळून टाकायला. तिचा नवरा पेलिअस याने एका रात्री बघितलं आणि ओरडला. तिने पोराला खाली टाकलं आणि समुद्रात निघून गेली, परत आलीच नाही. (टाच धरून पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवल्याची गोष्ट नंतरची आहे.) इकडे गंगेने सात मुलं पाण्यात सोडली, आठव्याला शंतनूने अडवलं आणि ती निघून गेली. दोघी आया मुलाला मर्त्यपणातून सोडवायला बघतात, दोघींचे नवरे माणसाच्या मायेने मध्ये पडतात, आणि मागे उरतो तो मुलगा युद्धात मोठा होतो आणि बाणानेच पडतो. भीष्म आणि अकिलीज. कोण कुणाकडून शिकलं या भांडणात मला पडायचं नाही, दोन्हीकडच्या लोकांनी पाण्याशी संसार टिकत नाही हे पाहिलं असणार.

भूजल
+१. वरच्या ग्रीक पाण्यांत एक राहिलं. पेलोपनीजच्या पश्चिमेला अनिग्रोस नावाचा प्रवाह, तिथल्या गुहेतल्या निंफा कातडीचे रोग बरे करायच्या. पॉसेनिअस पद्धत सांगतो: आधी प्रार्थना आणि नवस, मग दुखरा भाग पुसायचा, मग पोहत पलीकडे जायचं, रोग पाण्यात राहतो. पाण्याला घाण वास यायचा, म्हणजे गंधक. त्याच भागात आजही कैयाफास नावाचे गंधकाचे झरे आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरीला जाऊन आलेल्यांना समजावून सांगायला नको.

अथेन्सची_दोन_वर्षं
सगळ्यांनी कवितांमधल्या निंफांबद्दल लिहिलंय, मला गुहांमधल्या निंफांबद्दल लिहायचंय कारण मी तिथे शिकायला असताना सुट्टीच्या दिवशी हेच करायचे.

अथेन्सच्या दक्षिणेला वारी गावाच्या वर एक गुहा आहे, खाली उतरावं लागतं. इ.स.पू. पाचव्या शतकात थेरा बेटावरून आलेल्या आर्केडेमॉस नावाच्या माणसाने ती निंफांसाठी सजवली. तो गवंडी-पाथरवट असावा, कारण त्याने भिंतीवर स्वतःला कोरलंय, हातात छिन्नी-हातोडा. स्वतःला तो 'निंफांनी धरलेला' म्हणवतो, त्या भाषेत निंफोलेप्टोस. आपल्याकडे अंगात येतं किंवा झपाटतं म्हणतात त्याच्या जवळचं, पण तो ते अभिमानाने लिहितो. त्याने त्यांच्यासाठी बाग लावली. आणि एका लेखात येणाऱ्यांना सूचना आहे की बळीची आतडी बाहेर धुवा आणि लेंड्या साफ करा!! अडीच हजार वर्षांपूर्वीची देवळाबाहेरची पाटी. मला तिथे रडू आलं होतं, का ते सांगता येत नाही, पण एका परदेशी गवंड्याला त्या गावात दुसरं कुणी नव्हतं आणि या होत्या असं वाटलं.

डेल्फीच्या वर पार्नासस डोंगरात कोरिकियन गुहा आहे. तिथे फ्रेंचांना २०,००० हून जास्त सागरगोट्यांसारखी हाडं सापडली, मेंढ्या-बकऱ्यांच्या घोट्याची. खेळायची पण आणि कौल लावायची पण. खाली राजे लोक अपोलोला विचारायला यायचे, वर धनगर आणि बायकापोरं निंफांना. कोरिंथजवळ पित्साच्या गुहेत रंगवलेल्या लाकडी पट्ट्या मिळाल्यात, इ.स.पू. ५४०-५३० च्या, त्यावर एक कुटुंब मेंढरू घेऊन निंफांकडे चाललंय, रंग अजून आहेत.

आणि आता मूळ प्रश्नाकडे. अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर एक छोटंसं पूजास्थान होतं, देवतेचं नाव नुसतं 'निंफे'. तिथे उंच मानेच्या घड्यांचे ढीग सापडले. त्याला लुत्रोफोरोस म्हणतात. लग्नाच्या आधी नवरीच्या न्हाणासाठी कॅलिऱ्होई झऱ्याचं पाणी त्यात आणायचे, आणि लग्न झालं की घडा निंफेला वाहायचा. लग्नाआधीच कुणी गेलं तर तसाच घडा थडग्यावर. ग्रीक भाषेत 'निंफे' या शब्दाचा अर्थ मुळात काय आहे? नवरी! लग्नाच्या वयाची मुलगी आणि नवी नवरी, दोन्ही.

निवृत्त_मास्तर
वा! हे मला सुचायला हवं होतं. आपल्याकडे नवरी पण तशीच, लग्न ठरलेली आणि झालेली दोन्ही. पाण्याची नवरी. झऱ्याची नवरी.

कट्टेकरी
अनेकवचनात घोटाळा आहे मास्तर. 'झऱ्याच्या नवऱ्या आल्या' ठीक, पण 'नवऱ्यांनी हायलसला ओढलं' म्हटलं की पोरं विचारतील कुणाच्या नवऱ्यांनी?

सई_लिहिते
😂😂 खरंय. एकवचनात वापरा, अनेक असतील तर 'झऱ्यातल्या मुली' म्हणा.

मधलं_स्टेशन
आजच्या ग्रीसमध्ये यांना मानतात का अजून? आजच्या ग्रीक भाषेत पाण्याला 'नेरो' म्हणतात ना, ते नेरिअसवरून आलं असेल.

अथेन्सची_दोन_वर्षं
नाही, मलाही आधी तसंच वाटायचं. नेरो हा 'ताजं पाणी' मधल्या ताजं या शब्दावरून आलाय. पण नेरेइडवरून 'नेराइदा' मात्र आलंय आणि खेड्यांत परवापरवापर्यंत नेराइदांच्या गोष्टी जिवंत होत्या: झऱ्यावर नाचतात, भर दुपारी त्यांच्या वाटेत जायचं नाही, आणि एखाद्याने नेराइदाचा रुमाल पळवला तर ती त्याच्याशी लग्न करते, पण रुमाल सापडला की निघून जाते.

वेशीवरची
भर दुपारी. बघा.

शनिवारची_गोष्ट
मंडळी, शनिवार झाला. उशीर झाला लिहायला.

शेवटी मी काय केलं सांगते. मी सुरुवातीलाच सांगितलं की तिला तिच्या भाषेत निंफ म्हणायचे आणि निंफ म्हणजे नवरी, आणि आपल्या गावांत अशाच सात जणी विहिरीवर असतात त्यांना आसरा म्हणतात, आणि त्या लोकांना पाणी देतात म्हणून बायका त्यांना बांगड्या वाहतात. गावाकडची ती दोन मुलं घाबरली नाहीत. त्यातला एक म्हणाला आमच्या पण आहेत, आणि मग गोष्ट मी कमी आणि त्यानेच जास्त सांगितली. मग अरेथुसा. भूजल यांचं भोकात शिरणाऱ्या नदीचं सांगितलं, नाण्याचं चित्र दाखवलं. चित्रं काढली तेव्हा एकही शेपटी नाही!

पण एका मुलीने प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. ती म्हणाली, ताई, अरेथुसा समुद्राखालून गेली तर तिचं पाणी खारट नाही झालं का?

निवृत्त_मास्तर
शनिवारताई, त्या मुलीला सांगा की हीच काळजी रोमन कवी व्हर्जिलला होती. त्याच्या दहाव्या गोपगीताच्या सुरुवातीला तो अरेथुसाला शेवटच्या गाण्यासाठी मदत मागतो आणि बदल्यात तिला शुभेच्छा देतो, की तू सिसिलीच्या लाटांखालून वाहत जाशील तेव्हा कडू डोरिसचं पाणी तुझ्यात मिसळू नये. डोरिस म्हणजे नेरेइडांची आई, इथे तिच्या नावाने समुद्रच म्हटलाय.

शनिवारची_गोष्ट
आत्ता तिच्या आईला फोन केला. ती झोपलेली नव्हती. सांगितलं. म्हणाली, मग नाही मिसळलं ना?

दूरदेशी_वऱ्हाडी
तिला सांगा, नाही. कुंडात पपायरस आहे, पपायरस खाऱ्या पाण्यात जगत नाही.